नर्सबाईचं बाळंतपण

नर्सबाईचं स्वतःचं बाळंतपण सोपं जात असेल, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. डोणगावजवळच्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि मला मुलगी झाली तेव्हा बत्तीस. मधली नऊ वर्षं दुसऱ्या बायांच्या बाळंतपणात गेली. गरोदर बाईचं वजन घ्यायचं, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, कळा सुरू झाल्या की तिला आरोग्य केंद्रात न्यायचं, आणि लेकरू झालं की एक गोष्ट न चुकता सांगायची. पहिलं घट्ट पिवळं दूध, ज्याला आपल्याकडे चीक म्हणतात, ते फेकायचं नाही. तेच लेकराला पाजायचं. मध नको, घुटी नको, पाण्याचा थेंब नको. हे मी इतक्यांदा बोलले होते की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

माझं स्वतःचं मात्र लग्नाला सहा वर्षं होऊनही काही नव्हतं. नवरा चिखलीला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. तो सासूबाईंबरोबर तिकडे राहायचा, मी इकडे उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मी चार दिवसांची रजा घेतली. पाचव्या दिवशी गावात लसीकरण होतं. त्या दिवशी अंगणवाडीत बसून मी एकामागून एक लेकरांच्या मांड्या हातात धरल्या, सुया टोचल्या आणि रडणारी लेकरं त्यांच्या आयांच्या हातात परत दिली. एका म्हातारीनं विचारलं, "बाई, तुमाले किती लेकरं?"

"नाही अजून."

"मंग तुमी कशाच्या भरवशावर आमाले शिकवता व?" ती हसून म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं. बाकीच्या बायाही हसल्या. मीही हसले आणि पुढच्या लेकराचं कार्ड मागितलं.

तिसऱ्या वेळी राहिलं ते टिकलं. पाचवा महिना लागेपर्यंत मी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. आठव्यापर्यंत स्कूटीवरून फिरत होते, कारण माझ्या जागी येणारी बाई मिळत नव्हती. मग रजा मिळाली आणि पहिलटकरणीच्या रीतीप्रमाणे मी माहेरी, मलकापूरला गेले. घरात आई आणि बाबा दोघंच. बाबा एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून होते, नुकतेच निवृत्त झाले होते. भावाचं लग्न व्हायचं होतं आणि तो नोकरीला बाहेरगावी होता. आईनं माझ्यासाठी माझीच जुनी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती, बाज बाहेर काढून तिच्या पट्ट्या ताणून घेतल्या होत्या. डिंक, खारका, खोबरं, हलीम सगळं डब्यांत भरून ठेवलं होतं. ती आनंदात होती. मी हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला ती वाईट बाई वाटेल. ती तशी नव्हती.

कळा सकाळी आठच्या सुमारास सुरू झाल्या. आम्ही गावातल्याच एका दवाखान्यात गेलो. मी घड्याळ बघून कळांमधलं अंतर मोजत होते, श्वास कसा घ्यायचा ते मला ठाऊक होतं. दुपारी बारानंतर मला यातलं काहीच ठाऊक उरलं नाही. मी ओरडायला लागले. तिथली सिस्टर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. तिनं माझ्या मांडीवर सणसणीत चापट मारली.

"आता काऊन वरडतं? नवऱ्याजवळ जातानी नव्हती वरडली!"

मला चापट लागली ती कळेपुढे काहीच नव्हती. पण ते वाक्य मी ओळखलं. ते वाक्य माझं होतं. म्हणजे मला ते एका मोठ्या सिस्टरनं शिकवलं होतं, तिला आणखी कोणी शिकवलं असेल. बाई घाबरली की जोर लावत नाही, तिला जरा लाज आणली की लावते, असं ती म्हणायची. मी ते किती बायांना बोलले होते याचा हिशेब नव्हता. त्या टेबलावर पाय बांधल्यासारखे पसरून पडलेली असताना मला त्यातली एकच आठवली. डोणगावच्या गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याची सून. एकोणीस वर्षांची होती. ती "अम्मी, अम्मी" करत होती आणि मी तिला म्हटलं होतं, "अम्मी काय करते इथं? गप राह्य." आणि मारलं होतं. मांडीवरच.

माझ्या बाळंतपणानंतर वर्षभरानं मी तिच्या घरी गेले. तिच्या दुसऱ्या लेकराची लस राहिली होती, हे निमित्त. तिनं चहा केला. मी कसंबसं म्हटलं, "तुझ्या पहिल्या टायमाले मी तुले मारलं होतं. चुकलं माझं."

तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "हाव बाई, याद हाय," म्हणाली. "पोरगा कितीक वाजता झाला, कोन कोन होतं, कायच याद नाही मले. तुमचा हातच याद हाय."

मग तिनं विचारलं, "चहात साखर कमी झाली का?" माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

तर, दुपारी तीनच्या आसपास मला मुलगी झाली. वजन चांगलं होतं, रडली चांगली. मला मात्र नंतर रक्त खूप गेलं. सलाईन लावली, डोळ्यांपुढे सारखी अंधारी येत होती. आईनं बाहेर जाऊन चिखलीला फोन केला. नवरा खूश झाला, असं ती म्हणाली. सासूबाईंनी फोन घेतला आणि विचारलं, "काय झालं?" मुलगी म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या आणि फोन परत दिला.

सिस्टर येऊन सांगून गेली, "पोरीला पाजून घ्या," आणि दुसऱ्या वॉर्डात गेली. तेव्हा आई माझ्याजवळ बसली. तिनं पिशवीतून एक जुनं धुतलेलं फडकं काढलं, माझ्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं आणि माझा चीक त्या फडक्यात पिळायला लागली.

"आई, हे काय करून राह्यली?"

"तू पडून राह्य. चीक बाधते लेकराले. पोटात गोळा होते."

"नाही बाधत. पाजू दे."

"तुले लय समजते," ती हळू म्हणाली. रागानं नव्हे, माया असल्यासारखी. "तुले मी असंच वाढवलं ना?"

यापुढे मी काय बोलले? काहीच नाही. हेच मला सांगायचं आहे. नऊ वर्षं जी बाई दारोदार फिरून म्हाताऱ्यांशी वाद घालत होती, जिनं एकदा एका सासूच्या हातातली मधाची बाटली काढून घेतली होती, ती स्वतःच्या आईपुढे डोळे मिटून पडून राहिली. मला थकवा होता, हे खरं. रक्त गेलं होतं, हेही खरं. पण तेवढं बोलण्याइतकी शुद्ध मला होती. आई माझं करते आहे, तिला दुखवू नये, एक दिवसानं काय होतं, असं काहीतरी मनात आलं. फडकं पिवळं झालं. आईनं ते घडी करून पिशवीत ठेवलं आणि मुलीच्या तोंडात मधाचं बोट घातलं.

एक दिवसाचे तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी घरी आलो. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, दारं-खिडक्या बंद. मला पाणी मोजून मिळायचं, कारण बाळंतिणीनं पाणी जास्त पिऊ नये. आता पाज, असं आईनं सांगितलं तेव्हा मुलगी ओढेना. तिला कापसाच्या बोळ्यानं गूळपाण्याची आणि गाईच्या पातळ दुधाची सवय लागली होती. ती दोनदा ओठ लावायची आणि झोपून जायची. आई म्हणायची, "गुणाची हाय पोरगी. रडत नाही."

न रडणारं लेकरू गुणाचं नसतं. हे मी प्रत्येक नव्या आईला सांगत आले होते.

पाचव्या दिवशी पाचवी होती. संध्याकाळी सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून आईनं पाट मांडून ठेवला होता. कोरा कागद, पेन, हळदकुंकू, सगळं तयार. संध्याकाळी नवरा आणि सासूबाई येणार होते. दुपारी बाराच्या सुमारास मी मुलीला उजेडात घेतलं. दार उघडून अंगणात नेलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, छातीपासून पोटापर्यंत पिवळी, पायाचे तळवेसुद्धा पिवळे. तिच्या तळव्यावर मी बोटानं टिचकी मारली. ती हलली नाही. सकाळपासून लंगोट ओला झाला नव्हता.

"आई, हिले दवाखान्यात न्या लागते."

"कावीळ लेकराले होतेच. उन्हात धर जरा. संध्याकाळी पूजा होऊ दे, मंग जाऊ."

"आताच न्या लागते."

"पाचवीच्या दिवशी लेकरू घराबाहेर काढत नाहीत, पोरी."

मी तिच्याशी वाद घातला नाही. आत जाऊन साडीवर शाल गुंडाळली, मुलीला घेतलं आणि बाबांना म्हटलं, "रिक्षा बोलवा." बाबांनी आईकडे पाहिलं, मग चपला घातल्या. टाके दुखत होते, रिक्षात मी एका बाजूवर बसले. मलकापुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला टेबलावर ठेवलं, पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, बुलढाण्याला न्या, इथं थांबू नका.

भाड्याच्या गाडीतून राजूर घाट चढताना मी तिच्या नाकापुढे बोट धरून होते. बाबा पुढच्या सीटवर होते. सगळा रस्ता ते एकदाच बोलले, "काही होत नाही." ते मला सांगत होते की ड्रायव्हरला, कळलं नाही.

बुलढाण्यात तिला काचेच्या पेटीत, निळ्या उजेडाखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधली. पायाला सलाईन लावताना दोन सुया वाया गेल्या. मग एक डॉक्टर मॅडम कागद घेऊन माझ्यापुढे बसल्या. वय, गाव, कितवं बाळंतपण, असं विचारत गेल्या.

"पहिलं पिवळं दूध पाजलं होतं?"

"नाही."

"का?"

त्यांनी मान वर न करता पुढचा रकाना घेतला. "तुम्ही काय करता?"

"घरीच असते," मी म्हटलं.

त्यांनी 'गृहिणी' लिहिलं. मी ते उलटं वाचलं आणि तसंच राहू दिलं. मॅडम समजावणीच्या सुरात सांगायला लागल्या की चीक फेकायचा नसतो, त्यात लेकराची ताकद असते, बाहेरचं काही द्यायचं नसतं. शब्दन् शब्द तेच, जे मी गावोगावी सांगत होते. मी मान डोलावत ऐकलं. शेजारी बाबा बसले होते. मी नर्स आहे, हे त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला लाज दिसली, आणि ती माझ्याबद्दलची होती.

सहा दिवस ती पेटीत होती. आत जायला मला दिवसातून दोन-तीनदा मिळायचं. दूध काढून द्या, असं सांगितलं होतं. मी वॉर्डाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वाटीत काढायचे. पहिल्या दिवशी वाटीचा तळ ओला झाला. चौथ्या दिवशी काहीच येईना. नवरा रोज चिखलीहून यायचा, डबा द्यायचा, काचेतून मुलीला पाहायचा. एकदा म्हणाला, "तू नर्स असून असं कसं झालं?" त्याचा आवाज चढला नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

मुलगी वाचली. इतक्या काविळीनं ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून कानांची तपासणी नंतर दोनदा केली, तीही बरी निघाली. पण माझं दूध गेलं होतं. घरी भेटायला येणाऱ्या बायांना आई सांगायची, "काय करता माय, हिच्या अंगावर दूधच नाही. लेकराचे हाल झाले." बाया माझ्याकडे बघून च्‌ च्‌ करायच्या. मी ऐकत बसायचे. खरं सांगितलं असतं तर आईचं नाव गेलं असतं, आणि माझं त्याहून जास्त. नर्सबाईच्या घरी चीक फेकला, ही गोष्ट डोणगावपर्यंत जायला किती वेळ लागला असता? त्यापेक्षा दूध नसलेली बाई होणं बरं. दूध नसणं हा कोणाचा गुन्हा नसतो.

सव्वा महिना व्हायच्या आत मी माहेर सोडलं. आईनं दोन दिवस जेवण टाकलं, लोक काय म्हणतील म्हणाली. मी कारण सांगितलं नाही. ड्यूटीचं काहीतरी खोटं बोलले आणि पंचवीस दिवसांचं लेकरू घेऊन क्वार्टरवर आले.

तिथं सासूबाई आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बोचकं कोपऱ्यात ठेवलं, पाय धुतले आणि मुलीला मांडीवर घेऊन नीट निरखलं. "नाक तुह्या बापासारखं हाय," मला म्हणाल्या. मग विचारलं, "दूध पूरं गेलं का थोडं हाय?"

"थोडं ओलं होते."

"मंग लाव तिले."

"ओढत नाही ती."

"रडू दे. लाव."

त्यांनी मला बाटली टाकायला लावली. दर दोन तासांनी मुलीला छातीशी धरायचं, आणि ती ओढायला लागली की त्या चमच्यानं तिच्या ओठांच्या कडेनं दुधाचे थेंब सोडायच्या, म्हणजे आपण ओढलं म्हणून मिळालं असं तिला वाटायचं. ही युक्ती माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात होती. सासूबाईंना ती त्यांच्या कोणा जावेच्या बाळंतपणातून माहीत होती. त्या मला तांब्याभर पाणी प्यायला लावायच्या, हलीमाची खीर करायच्या, ज्वारीची भाकर दुधात कुस्करून पुढे ठेवायच्या. आणि रोज एकदा तरी म्हणायच्या, "आता ही झाली ते झाली. पुढच्या खेपेले पोरगाच पायजे." मी एकदा चिडून म्हटलं, "मग हिच्यासाठी एवढं काऊन करता?"

"पोरगी झाली म्हून उपाशी मरावं का तिनं?" त्या म्हणाल्या. त्यांना माझा प्रश्नच बावळट वाटला.

तीन आठवड्यांनी दूध उतरलं. पूर्ण कधीच उतरलं नाही, वरचं दूध द्यावंच लागलं. पण आठ महिने ती माझ्या अंगावर प्याली. सासूबाई दीड महिना राहिल्या आणि जाताना पुन्हा पोरग्याचं बोलून गेल्या. पुढची खेप मी येऊ दिली नाही. त्याबद्दल त्या आजही नाराज आहेत.

मुलगी चार वर्षांची असताना वहिनीला मुलगा झाला. मलकापूरलाच, दुसऱ्या एका दवाखान्यात. मी सुट्टी काढून गेले. वहिनी बेडवर होती, तिची आई उशाशी. माझी आई पिशवी उघडून फडकं काढत होती.

"आई, चीक पाजू दे तिले," मी म्हटलं.

"तुले त दूधच नव्हतं," आई म्हणाली. "तू काय शिकवतं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईनंही. चार वर्षं मीच जपून ठेवलेलं खोटं माझ्या तोंडावर आलं होतं.

"मले दूध होतं," मी म्हटलं. "तू पिळून फेकलं. अन् मी फेकू देलं. म्हून पोरगी पेटीत गेली."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला वाटलं ती रडेल किंवा मला बोलेल. ती म्हणाली, "तुह्या आधी एक झाला होता मले. चीक पेला अन् सातव्या दिवशी गेला. तुह्या आजीनं सांगतलं, चिकानं गेला. तुले मी पेऊ देला नाही म्हून तू जगली."

ती फडकं वहिनीच्या पायाशी ठेवून बाहेर गेली. मी वहिनीला मुलाला कसं धरायचं ते दाखवलं. तो लगेच ओढायला लागला.

माझ्या आधी एक भाऊ झाला होता, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "होता. नाव ठेवायचं राह्यलं होतं." माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक बाईसाठी रकाने असतात: आधीची बाळंतपणं किती, जिवंत किती, गेलेली किती. गावातल्या अनोळखी बायांना मी ते सगळं विचारलं होतं. आईला कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही मी नर्स असूनसुद्धा मला कधी सांगितलं नव्हतं. तो पोरगा कशानं गेला असेल, याचे मी मनात चार-पाच अंदाज केले. त्यातला एकही चीक नाही. पण ते आता तिला सांगून काय करायचं?

एवढं कळल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. थोडा आईवरून हलून माझ्याकडे आला, एवढंच. त्या दिवसापासून हा विषय आमच्यात निघालेला नाही. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलगी मलकापूरला जाते. आई तिला पाटावर बसवून तेल लावते, दोन वेण्या घालते, "जेवली का, आणखी घे" म्हणत मागे लागते. मी दारातून बघते आणि लवकर परतायची तयारी करते. आई विचारते, "काऊन इतक्या घाईनं?" मी म्हणते, ड्यूटी आहे.